उचलून नेता येत नाही, तो नकाशा खुला कसला?

आपल्या देशात नकाशे खुले झाले ही बातमी गेल्या काही वर्षांत आपण निदान तीनदा वाचली आहे. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. भारतीय व्यक्ती आणि संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी व प्रसिद्ध करण्यासाठी पूर्वपरवानग्यांचे जे दिव्य करावे लागे, ते संपले. २८ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण अधिसूचित झाले. फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय भू-स्थानिक मिशनची घोषणा झाली. तिन्ही वेळा आपण टाळ्या वाजवल्या, आणि त्या अस्थानी नव्हत्या. ज्या देशात साध्या स्थलदर्शक नकाशासाठी अर्जावर अर्ज करावे लागत, तेथे हा बदल लहान नाही.

तरीही आज एक अप्रिय विधान करतो. परवानगी मिळाली म्हणून नकाशा खुला होत नाही. पडद्यावर दिसला म्हणूनही होत नाही. एका संगणकप्रणालीतून उचलून दुसऱ्या प्रणालीत ठेवल्यावर त्यातील नावे, जागा आणि अर्थ शाबूत राहिले, तरच तो खुला. या कसोटीवर आपले बहुतेक 'खुले' नकाशे नापास होतात. त्या नापासीची किंमत धोरणकर्ते मोजत नाहीत. ती तुमच्यासारखे विद्यार्थी आपल्या आयुष्यातील महिन्यांनी मोजतात.

प्रबंधाच्या कामासाठी माझ्याकडे येणाऱ्या एका विद्यार्थिनीची हकीकत सांगतो. विषय साधा होता. नांदेडपासून निजामाबादपर्यंत गोदावरीच्या दोन्ही तीरांवरील गावांत सिंचन आणि भूजल यांचा संबंध काय, एवढेच तिला पाहायचे होते. नदी एक, फक्त मधे राज्याची सीमा. तिने तीन ठिकाणांहून डेटा गोळा केला. पहिल्या ठिकाणी नकाशा पीडीएफच्या रूपात होता, म्हणजे डोळ्यांना दिसणारे चित्र. दुसऱ्या ठिकाणाहून शेपफाइल आली, पण तिच्यासोबत असावी लागणारी प्रक्षेपणाची छोटी फाइल कोणीतरी वाटेत गाळली होती. तिसरा संच प्रशासकीय सीमांचा होता. तो अधिकृत होता आणि मोफतही होता. पण त्यातील नावांमध्ये दीर्घ 'आ' हवा तेथे गणितातील 'पेक्षा मोठे' हे चिन्ह उमटत होते आणि दीर्घ 'ई'च्या जागी उभी रेघ. निजामाबाद हे नाव वाचण्यासाठी आधी कोडे सोडवावे लागत होते.

सहा महिन्यांच्या प्रबंधातील जवळजवळ चार महिने हे तीन तुकडे एका टेबलावर आणण्यात गेले. उरलेल्या दोन महिन्यांत तिने विज्ञान केले. मार्गदर्शकांनी शेरा मारला, "विश्लेषण अपुरे आहे." शेरा खोटा नव्हता. पण अपुरेपणाचे कारण त्या प्रबंधात कोठेही लिहिलेले नाही, आणि लिहिण्याची आपल्याकडे पद्धतही नाही.

"हे तांत्रिक प्रश्न आहेत, चार क्लृप्त्या शिकल्या की सुटतात," असे उत्तर मला नेहमी मिळते. म्हणून तांत्रिक बाजूच नीट पाहू. प्रवासात नकाशातून काय गळते?

पहिली गळती नावांची आणि आकड्यांची.

शेपफाइल हे स्वरूप १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचे. अमेरिकेतील एस्री कंपनीने ते घडवले आणि १९९८ साली त्याचे तांत्रिक वर्णन जाहीर केले. त्या जाहीरपणामुळेच ते जगभर पसरले. त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. पण त्याच्या पोटात गुणधर्मांचा जो तक्ता असतो तो डीबेस या त्याहून जुन्या प्रणालीचा. त्यात स्तंभाच्या नावाला दहा बाइटांची जागा. इंग्रजी लिपीत ती दहा अक्षरे होतात. युनिकोडच्या आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, हलन्त ही प्रत्येक वेगळी चिन्हे. म्हणजे दहा बाइटांत तीन चिन्हे. 'गाव' हे शीर्षक मावते. 'तालुका' मावत नाही. 'जिल्हा' मावत नाही. ज्या स्वरूपात 'जिल्हा' हा शब्द स्तंभाच्या डोक्यावर पुरता लिहिता येत नाही, तेच स्वरूप आपण भारतीय जिल्ह्यांचे नकाशे वाटण्यासाठी आजही प्रमाण मानतो.

इंग्रजी वापरले तर प्रश्न सुटतो असे वाटत असेल, तर 'पॉप्युलेशन' या शब्दाची इंग्रजी अक्षरे मोजा. नेमकी दहा. तुमच्याकडे २००१ आणि २०११ या दोन वर्षांच्या लोकसंख्येचे दोन स्तंभ असतील आणि दोहोंच्या नावांत वर्ष शेवटी असेल, तर शेपफाइलमध्ये साठवताना दोन्ही वर्षे छाटली जातात. नावे एकसारखी झाली म्हणून प्रणाली दुसऱ्याच्या शेपटीला '१' असा आकडा चिकटवते. कोणता स्तंभ कोणत्या वर्षाचा, हे आता फक्त ती फाइल तयार करणाऱ्याच्या स्मरणात उरते.

याहून घातक गोष्ट पुढे आहे. 'माहिती उपलब्ध नाही' आणि 'शून्य' यांत विज्ञानाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर असते. डीबेसच्या अंकीय स्तंभात 'माहिती नाही' हे सांगण्याची सर्वमान्य, भरवशाची सोय नाही. काही प्रणाली तेथे सरळ शून्य लिहून मोकळ्या होतात. ज्या गावातील विहिरी मोजल्याच गेल्या नाहीत, ते गाव फाइलच्या एका प्रवासानंतर 'शून्य विहिरींचे गाव' होते. नकाशावर ते गडद लाल रंगात उमटते. त्यावर कोणीतरी निष्कर्ष काढते, कोणीतरी योजना आखते. खोटे कोणीही बोललेले नसते. एका फाइलने दुसऱ्या फाइलला चुकीचा निरोप दिलेला असतो, इतकेच.

आणि संकेतांक? २०११च्या जनगणनेत जम्मू-काश्मीरचा राज्य-संकेतांक ०१, हिमाचल प्रदेशाचा ०२, पंजाबचा ०३, आणि असे करत राजस्थानचा ०८ व उत्तर प्रदेशाचा ०९. हा तक्ता साध्या स्प्रेडशीटमध्ये उघडा आणि पुन्हा साठवा. पुढचे शून्य नाहीसे होते, कारण स्प्रेडशीटला तो संकेतांक म्हणजे संख्या वाटते. मग '९' आणि '०९' यांची गाठ पडत नाही. तक्ता नकाशाला जोडताना उत्तरेकडील नऊ राज्ये व केंद्रशासित प्रदेश कोरे राहतात. देशातील सर्वाधिक लोकसंख्येचे राज्य एका शून्याच्या अभावी नकाशावरून पुसले जाते. हा अनुभव आला नाही असा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे.

दुसरी गळती जागेची.

पृथ्वी गोल, कागद सपाट. म्हणून प्रत्येक नकाशाला कोणत्या तरी प्रक्षेपणाचा आधार लागतो. कोणता, हे सांगितले नाही तर सहनिर्देशक म्हणजे केवळ आकडे. भारताचा विस्तार यूटीएम पद्धतीच्या ४२ ते ४७ अशा सहा पट्ट्यांत आहे. ७८ अंश पूर्व रेखांशावर ४३वा पट्टा संपतो आणि ४४वा सुरू होतो, आणि आपल्या विद्यार्थिनीची गोदावरी बासरच्या पुढे नेमकी हीच रेषा ओलांडते. नांदेड एका पट्ट्यात, निजामाबाद दुसऱ्यात. प्रक्षेपणाची फाइल गाळलेला संच चुकून शेजारच्या पट्ट्यातील समजला, तर तो सहा अंश रेखांशांनी सरकतो. त्या अक्षांशावर हे अंतर सुमारे ६३० किलोमीटर होते. एवढी चूक निदान डोळ्यांना दिसते.

न दिसणारी चूक अधिक वाईट. आपले जुने स्थलदर्शक नकाशे १८३०च्या एव्हरेस्ट लंबगोलावर आधारलेले आहेत. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापरासाठीची 'ओपन सिरीज' ही मालिका जगन्मान्य डब्ल्यूजीएस-८४ या आधारावर आणली. या दोन आधारांतील फरक द्वीपकल्पात शंभर मीटरच्या पुढे जातो. पन्नास हजारास एक या प्रमाणाच्या नकाशावर ते दोन-तीन मिलिमीटर. पाहणाऱ्याला वाटते रेघ जरा जाड आली असावी. पण शंभर मीटरांत विहीर एका शेतातून दुसऱ्यात जाते, झोपडी पूररेषेच्या आतून बाहेर येते.

एक गंमतही सांगतो. डब्ल्यूजीएस-८४च्या अधिकृत व्याख्येत आधी अक्षांश, मग रेखांश. बहुतेक संगणकप्रणालींची जुनी सवय मात्र उलट: आधी आडवे अंतर, मग उभे. नकाशासेवांच्या मानकांच्या काही आवृत्त्या पहिला क्रम पाळतात, काही दुसरा. दोन प्रणालींचे यावर एकमत झाले नाही तर हैदराबाद १७.४ उत्तर, ७८.५ पूर्व येथून उठते आणि ७८.५ उत्तर, १७.४ पूर्व येथे जाऊन बसते. म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेस, स्वालबार्ड द्वीपसमूहात, जेथे पांढरी अस्वले हिंडतात. वर्गात हे दाखवले की मुले हसतात. मीही हसतो. मग सांगतो की कृत्रिम उपग्रहाचे चित्र असेच उलटले असेल आणि पुराच्या रात्री कोणी त्याच्याकडे पाहत असेल, तर हसण्याजोगे काही उरत नाही.

तिसरी गळती रूपाची, आणि येथे दोष सरकारचा नाही, आम्हा मुक्तस्रोतवाल्यांचा आहे.

क्यूजीआयएस हा प्रकल्प २००२ साली सुरू झाला. ग्रास त्याहून जुना, १९८०च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या अभियांत्रिकी संशोधनशाळेत जन्मलेला. या दोघांमधून आकार आणि आकडे बऱ्यापैकी नेता येतात, कारण मध्ये जीडॅल नावाचा दुभाषा उभा आहे. दीडशेहून अधिक स्वरूपे वाचणारा. पण नकाशा म्हणजे केवळ आकार नव्हेत. कोणती नदी किती जाड, कोणत्या प्रमाणाला कोणते नाव दिसावे, कोणते लपावे, आदिवासी पाड्याचे नाव तालुक्याच्या नावाखाली दडपले जाऊ नये म्हणून ते कोठे बसवावे, हा नकाशाकाराचा विचार असतो. तो एका प्रणालीतून दुसरीत जातच नाही. क्यूजीआयएसची शैली क्यूजीआयएसच्या स्वतःच्या फाइलीत राहते. एसएलडी नावाचे शैलीचे खुले मानक २००२पासून आहे, पण गुंतागुंतीची शैली त्यातून पार करताना अर्धी सांडते. जाळ्यावरील नकाशांसाठी मॅपलिब्रेची तिसरीच भाषा.

शेवटचा हात फिरवण्यासाठी नकाशा इंकस्केपसारख्या चित्रप्रणालीत न्यावा, तर नवा पेच. नावे 'अक्षर' म्हणून पाठवली तर पलीकडच्या संगणकावर तोच फाँट हवा. नसेल तर ओळीची लांबी बदलते, नाव नदीवरून सरकते. नावे 'रेषा' म्हणून पाठवली तर ती दिसतात तशीच, पण ती आता अक्षरे नसतात. शोधता येत नाहीत, शुद्धलेखन सुधारता येत नाही. आणि इंकस्केपमध्ये पोहोचल्यावर सहनिर्देशक पृथ्वीचे राहत नाहीत, कागदाचे होतात. तेथे केलेली दुरुस्ती मूळ डेटात परत येत नाही. जाण्याचा रस्ता आहे, येण्याचा नाही. परिणाम असा की छापलेल्या नकाशात चूक सुधारलेली असते आणि मूळ फाइलीत ती पुढच्या पिढीसाठी सुखरूप जपलेली असते.

आता दोषाची वाटणी करू.

सरकारचा वाटा मोठा, कारण अधिकारही त्याच्याकडेच. २०१२च्या राष्ट्रीय डेटा सामायिकरण व सुलभता धोरणात डेटा माणसाला तसाच यंत्रालाही वाचता यावा, असे तत्त्व स्पष्ट नोंदलेले आहे. त्यानंतर पाच वर्षांनी, २०१७ साली, भारतीय सर्वेक्षण विभागाने आपल्या स्थापनेच्या २५०व्या वर्षी स्थलदर्शक नकाशे नागरिकांना मोफत उपलब्ध करून दिले. पाऊल स्वागतार्ह होते, पण नकाशे पीडीएफमध्ये होते. माणसाला दिसणारे, यंत्राला आंधळे. दुसरीकडे, सर्वेक्षण विभागाच्या नकाशांशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमान्वये गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंतच्या कारावासाची तरतूद त्यात आहे. नॅचरल अर्थसारख्या जगभर वापरल्या जाणाऱ्या मोफत संचात सीमा मुळात प्रत्यक्ष ताब्यानुसार आखलेल्या असतात. विद्यार्थ्याने तो संच वापरला तर कायदा आडवा येतो. कायद्याच्या हेतूशी माझे भांडण नाही. पण 'आमच्याच रेषेवर चाला' असे जो सांगतो, त्याने ती रेषा निर्दोष, वाचनीय आणि कोणत्याही प्रणालीत उघडेल अशा रूपात हातात दिली पाहिजे. सक्ती आणि गैरसोय या दोन्ही एकाच दाराशी असू नयेत.

विद्यापीठांचा वाटाही लहान नाही. भूगोलाच्या, भूशास्त्राच्या, नगररचनेच्या कित्येक वर्गांत आजही जीआयएस म्हणजे एका विशिष्ट प्रणालीतील मेनूंचा क्रम पाठ करणे. कोठे टिचकी मारायची हे शिकवले जाते. फाइलीच्या पोटात काय असते हे नाही. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पासारखे अपवाद आहेत, त्यांनी क्यूजीआयएसचे शिक्षण देशभर पोहोचवण्याचा प्रयत्न केला आहे. पण अपवादांच्या पाठीवर अभ्यासक्रम उभा राहत नाही. परीक्षेत 'शेपफाइलच्या मर्यादा लिहा' असा पाच गुणांचा प्रश्नही विचारला जात नसेल, तर विद्यार्थ्याला दोष कसा द्यावा?

आणि आम्ही मुक्तस्रोतवाले? आम्ही फुकट मिळण्याला खुलेपण समजून बसलो. प्रणालीचा स्रोत खुला आहे, एवढ्यावर समाधान मानले. खुल्या स्रोताच्या दोन प्रणाली एकमेकींशी बोलत नसतील तर वापरणाऱ्याच्या दृष्टीने त्या दोन बंद खोल्याच आहेत. भिंती काचेच्या, एवढाच फरक.

यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत.

"राष्ट्रीय सुरक्षेचे काय?" जे प्रसिद्ध करायचे नाही ते करू नका, ते ठरवण्याचा अधिकार राज्याला आहे, आणि २०२१च्या तत्त्वांनी तसे उंबरठे घालूनही दिले आहेत. पण प्रसिद्ध केलेला नकाशा चित्राच्या रूपात दिल्याने कोणते गुपित राखले जाते? चित्र गिरवून त्याचा डेटा करणे शत्रूला सहज जमते. वेळ आणि पैसा नसतो तो विद्यार्थ्याकडे.

"शेपफाइल सर्वांना चालते, मग बदला कशाला?" चालते हे खरे. पण ती चालते म्हणजे काय सांडत चालते, ते वर पाहिले. ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियमने २०१४ साली जिओपॅकेज हे मानक स्वीकारले. सगळा संच एका फाइलीत, प्रक्षेपणाची नोंद आतच, नावे युनिकोडमध्ये, स्तंभशीर्षकाला दहा बाइटांची बेडी नाही, आणि 'माहिती नाही' हे 'माहिती नाही' असेच लिहिता येते. ते निर्दोष आहे असे नव्हे. एकाच वेळी अनेकांनी सामायिक जालावर त्यात लिहू गेल्यास ते अडते. छोट्या संचांसाठी जिओजेसन आहे. २०१६च्या मानकाने त्यात आधी रेखांश, मग अक्षांश, आणि आधार डब्ल्यूजीएस-८४, हे एकदाचे ठरवून टाकले. पर्याय तयार आहेत, विनामूल्य आहेत, आणि क्यूजीआयएस ते वर्षानुवर्षे वाचते आहे.

"कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळे आपोआप दुरुस्त करील." उभी रेघ म्हणजे दीर्घ 'ई', हा अंदाज यंत्र बांधेल, मान्य. पण शून्य विहिरींपैकी कोणते शून्य मोजून आलेले आणि कोणते प्रवासात जन्मलेले, हे कोणतेही यंत्र ओळखणार नाही. ती माहिती फाइलीत शिल्लकच नाही. गेलेले ज्ञान अंदाजाने परत येत नाही. अंदाजाने फक्त आत्मविश्वास परत येतो.

हे सर्व आजच का लिहावेसे वाटले? कारण घड्याळ चालू आहे. पुढील जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. देशाच्या बहुतांश भागासाठी संदर्भदिन आहे १ मार्च २०२७. ही जनगणना अंकीय साधनांनी होणार आहे. तिचे आकडे आले की देशातील प्रत्येक संशोधक ते नकाशाला जोडू पाहील. २०११ साली जिल्हे ६४० होते. त्यानंतर ते वाढत गेले. एकट्या तेलंगणात, जे तेव्हा वेगळे राज्यही नव्हते, मूळच्या १० जिल्ह्यांचे ३३ झाले. जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करायची तर सीमांचा जुना संच, नवा संच आणि दोहोंमधील संकेतांकांची सांगड, तिन्ही लागतील. मागच्या वेळी काय झाले ते आठवा. १९९१ आणि २००१च्या जनगणनांना जोडलेला भारतीय खेड्यांच्या सीमांचा एक संच २०१८ साली प्रसिद्ध झाला तो अमेरिकेत, नासाच्या सेडॅक या केंद्रातून. आपल्या मतदारसंघांच्या सीमा खुल्या रूपात एकत्र करण्याचे काम डेटामीटसारख्या स्वयंसेवकांनी फावल्या वेळात केले. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. पण आपल्या खेड्याची वेस आपल्यालाच परदेशातून उतरवून घ्यावी लागते, याची खंत आपल्याला वाटत नसेल तर आपण कसल्या सार्वभौमत्वाच्या गप्पा मारतो?

म्हणून मागणी करायची ती नेमकी करू. जनगणनेच्या आकड्यांसोबत गाव, तालुका आणि जिल्हा या पातळ्यांवरील सीमा जिओपॅकेजमध्ये प्रसिद्ध व्हाव्यात. नावे युनिकोडमध्ये असावीत, आणि राज्याच्या भाषेतही असावीत. संकेतांक संख्या म्हणून न देता मजकूर म्हणून द्यावेत, पुढच्या शून्यांसह. प्रक्षेपण आणि आधार फाइलीच्या आत नोंदलेला असावा. 'माहिती नाही' आणि 'शून्य' वेगळे असावेत. २०११चे संकेतांक आणि नवे संकेतांक यांची जोडणी सोबत द्यावी. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही, नवा उपग्रह लागत नाही. लागते ती फाइल साठवतानाची दोन मिनिटांची काळजी आणि 'ही फाइल माझ्या संगणकाबाहेरही जगायची आहे' ही जाणीव.

ही जाणीव आपल्याला परकी नाही. १८०२ साली विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी आधाररेषा मोजली, आणि तिच्यावर रचलेला एकेक त्रिकोण पुढे सरकत हिमालयापर्यंत गेला. ती साखळी टिकली याचे कारण सोपे होते. मागच्या त्रिकोणाची मोजलेली बाजू पुढच्या त्रिकोणाला जशीच्या तशी मिळत होती. ज्याने मोजले तो निवृत्त झाला, मेला, तरी मोजमाप पुढच्याला वाचता येत होते. वसाहतीच्या राज्याने ते आपल्या स्वार्थासाठी केले, हे खरे. पण पुढच्याच्या हाती काम कसे सोपवावे, हा धडा त्यात आहे, आणि सव्वादोनशे वर्षांनंतर अतिशय शक्तिशाली साधने हाताशी असताना आपण तोच विसरलो आहोत.

विद्यार्थी मित्रहो, सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर तुमच्या हातातले तुम्ही करा. पुढचा संच साठवताना शेपफाइल निवडण्यापूर्वी क्षणभर थांबा. प्रक्षेपण लिहा. स्तंभांचा अर्थ एका साध्या मजकुराच्या फाइलीत सोबत ठेवा. प्रबंधात 'डेटा जुळवणी' या नावाचे एक प्रामाणिक पान घाला: काय मिळाले, कोणत्या रूपात मिळाले, काय गळाले, जुळवायला किती दिवस लागले. असे प्रबंध देशभरातून आले, तर ती चार महिन्यांची अदृश्य मजुरी पहिल्यांदाच कोठेतरी नोंदली जाईल. आणि ज्या संस्थेचा संच सदोष निघेल तिला तक्रार पाठवा. सभ्य भाषेत, नमुन्यासह, दुरुस्ती सुचवून. एक पत्र टोपलीत जाते. शंभर पत्रांची फाइल करावी लागते.

माझी विद्यार्थिनी उत्तीर्ण झाली. तिने जुळवलेला गोदावरीकाठचा संच तिने स्वच्छ करून, प्रत्येक स्तंभाचे वर्णन जोडून, पुढच्या तुकडीसाठी विभागात ठेवला आहे. तिच्यामागून येणाऱ्या मुलाला ते चार महिने पुन्हा घालवावे लागणार नाहीत. खुला नकाशा म्हणजे काय, हे तिने कोणत्याही धोरणापेक्षा नेमकेपणाने सांगितले आहे.

तुमच्या वाट्याला आलेली गळती कोणती? खाली लिहा: कोणते स्वरूप, काय हरवले, कसे सापडले. व्यक्तींची आणि संस्थांची नावे नकोत. दोष कोठे आहे ते कळले तरी पुरे.